घसरत्या गाडीचे चित्र

गेल्या मार्चमध्ये अल्फारेटातला माझा एक मित्र लेकीसाठी जुनी गाडी बघायला निघाला आणि मलाही बरोबर घेऊन गेला. मुलीला नुकतीच सोळा वर्षे पूर्ण झाली होती. कोल्हापुरात असती तर बस होती, रिक्षा होती, मैत्रिणीची स्कूटी होती. इथे अटलांटाची मार्टा रेल्वे उत्तरेकडे नॉर्थ स्प्रिंग्जपर्यंत येऊन थांबते आणि अल्फारेटा त्याच्याही पुढे. शाळा, रविवारची मराठी शाळा, गणपतीच्या नाटकाची तालीम, पुढे पहिली अर्धवेळ नोकरी, सगळीकडे गाडीनेच जायचे. त्यामुळे सोळावे वर्ष लागले की इथल्या मराठी घरांत एकच विषय निघतो: पहिली गाडी कोणती घ्यायची? उत्तरही बहुतेक ठरलेले असते. जुनी, छोटी आणि स्वस्त.

विक्रेत्याच्या आवारात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकच कंपनी, एकच मॉडेल, दोन्ही पांढऱ्या. एक २०१० ची, दुसरी २०१२ ची. २०१० ची गाडी हजारभर डॉलरनी स्वस्त, चाललेलीही कमी. मित्राने तिच्या बॉनेटवर हात ठेवून मान डोलावली. मी म्हटले, "ही नको. ती दुसरी घे."

"का रे? इंजिन तेच, टायर उलट हिचे नवीन आहेत."

मी त्याला दोन्ही गाड्यांत बसवले, चावी फिरवायला लावली आणि डॅशबोर्डकडे बघायला सांगितले. २०१२ च्या गाडीत इतर दिव्यांबरोबर एक पिवळे चित्रही क्षणभर उजळून विझले. चित्रात एक छोटी गाडी होती आणि तिच्यामागे नागमोडी उमटलेल्या चाकांच्या दोन रेघा. २०१० च्या गाडीत ते चित्र नव्हतेच. हजार डॉलर त्या चित्राचे द्यायचे होते.

ते चित्र इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचे, म्हणजे गाडीच्या स्थिरता नियंत्रणाचे. अपघात मुळात होऊच नये म्हणून गाडीत आजवर जे काही बसवले गेले, त्यात माझ्या मते याच्या तोडीचे फार थोडे आहे. तरीही गाडी घेणारा माणूस रंग विचारतो, मायलेज विचारतो, टचस्क्रीन केवढा ते विचारतो. याबद्दल विचारत नाही. त्याची जाणीवच होत नाही. वर्षानुवर्षे ते नुसते बसून असते आणि एका दिवशी दीड सेकंद काम करते.

त्या दीड सेकंदात काय होते? गाडीचा रस्त्याशी संबंध असतो तो फक्त चार टायरच्या टेकलेल्या भागांतून. तो भाग म्हणजे प्रत्येकी जेमतेम एक तळहात. चार तळहातांवर हजार-बाराशे किलोची गाडी धावते, थांबते आणि वळते. वेग जास्त, रस्ता ओला, वळण अचानक आले, की तळहातांची पकड सुटते. पुढच्या चाकांची सुटली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ रस्त्याबाहेर निघते. मागच्यांची सुटली तर मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. नवख्या माणसाचे हात अशा वेळी स्टिअरिंग एकदा इकडे, एकदा तिकडे खेचतात आणि दुसऱ्या हिसक्याला गाडी पूर्ण हाताबाहेर जाते.

मित्र शिरोळ तालुक्यातल्या शेतकरी घरातला. त्याला समजावायला ट्रॅक्टर पुरला. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात, दोन वेगळी पेडल. रस्त्याने जाताना ती एकमेकांना जोडून ठेवायची, शेतात उतरल्यावर सोडवायची. तास संपले, बांध आला, की चालवणारा फक्त आतल्या बाजूचे पेडल दाबतो. ते चाक थबकते, बाहेरचे फिरत राहते आणि अवजड ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. एका बाजूला ब्रेक लावला की यंत्र त्या बाजूला वळते, एवढेच तत्त्व. बैलगाडी वळवतानाही आतला बैल धरायचा आणि बाहेरचा चालवायचा.

स्थिरता नियंत्रण हेच करते, पण चारही चाकांवर आणि माणसाच्या आधी. प्रत्येक चाक किती फिरते आहे ते सांगणारे चार सेन्सर असतात. स्टिअरिंगचा कोन सांगणारा एक, म्हणजे चालवणाऱ्याला कुठे जायचे आहे ते कळते. गाडी स्वतःभोवती किती फिरते आहे आणि बाजूला किती फेकली जाते आहे हे मोजणारे आणखी सेन्सर, म्हणजे गाडी खरोखर कुठे चालली आहे ते कळते. संगणक या दोन गोष्टी सेकंदाला सुमारे २५ वेळा ताडून बघतो. जुळल्या तर तो गप्प. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक किंचित आवळायचे; पुढचा भाग सरळ निसटत असेल तर आतल्या बाजूचे मागचे चाक. शिवाय इंजिनचा जोर कमी करायचा. माणसाच्या पायाखाली ब्रेकचे पेडल एकच आहे, त्यामुळे एकच चाक आवळणे निष्णात चालकालाही शक्य नाही.

बॉशच्या अँटन व्हॅन झँटेन यांच्या चमूने ही यंत्रणा घडवली आणि १९९५ मध्ये ती मर्सिडीजच्या आलिशान एस-क्लास कूपेत पहिल्यांदा आली. नव्या गोष्टी आधी श्रीमंतांच्या गाडीत येतात, त्यात नवल नाही. पण ही वस्तू छोट्या गाडीत आली ती एका फजितीमुळे, आणि तीही दोनच वर्षांत.

१९९७ च्या शरदात मर्सिडीजने ए-क्लास काढली. लांबी जेमतेम साडेतीन मीटर, उंच, अरुंद आणि मर्सिडीजच्या मानाने स्वस्त. स्वीडनमध्ये 'टेक्निकेन्स वार्ल्ड' नावाचे वाहनविषयक नियतकालिक आहे. तिथल्या रस्त्यांवर मूस, म्हणजे थोराड हरणे, आडवी येतात. आपल्याकडे राधानगरीच्या वाटेवर गवा समोर यावा तसे, आणि अंगानेही तेवढेच. म्हणून ते नियतकालिक प्रत्येक गाडीची एक परीक्षा घेई: वेगात असताना पटकन डावीकडे वळून अडथळा चुकवायचा आणि लगेच आपल्या मार्गिकेत परत यायचे. पत्रकार रॉबर्ट कोलिन यांनी ऑक्टोबरमध्ये ही परीक्षा घेतली आणि नवी कोरी ए-क्लास उलटली. जगभर त्याची छायाचित्रे झळकली. कंपनीने आधी हात झटकले, मग विक्री थांबवली, सस्पेन्शन बदलले आणि आपल्या सर्वांत छोट्या गाडीच्या प्रत्येक नगात स्थिरता नियंत्रण बसवून टाकले. छोट्या गाडीत हे बसत नाही, परवडत नाही, हा युक्तिवाद १९९८ सालीच निकालात निघाला होता.

तरीही अमेरिकेत पुढची दहा-बारा वर्षे स्वस्त गाडी घेणाऱ्याला ते मिळत नव्हते, आणि मला राग येतो तो याचा. महागड्या गाड्यांत ते सर्रास आले, उंच एसयूव्हींत आले. छोट्या गाड्यांत एक तर नव्हतेच, किंवा जास्तीचे पैसे भरून घ्यायचे. २००९ ची होंडा फिट घ्या, भारतात जिला आपण जॅझ म्हणत होतो ती. तिच्यात स्थिरता नियंत्रण हवे असेल तर नकाशा दाखवणारी नेव्हिगेशन यंत्रणा असलेला सर्वांत महागडा प्रकार घ्यावा लागे. म्हणजे वळणावर गाडी सावरायची सोय हवी, तर आधी नकाशाचा पडदा विकत घ्या. त्याच सुमारास निसान व्हर्साचे सर्वांत साधे मॉडेल ९,९९० डॉलरला मिळत होते, देशातली सर्वांत स्वस्त नवी गाडी म्हणून. त्यात एसी नव्हता, रेडिओ नव्हता, आणि हेही नव्हते. पण २००८ मध्ये अमेरिकेत आलेली स्मार्ट फोरटू ही दोन माणसांची चिमुकली गाडी ११,५९० डॉलरपासून सुरू होई आणि तिच्या प्रत्येक नगात ते होते. तेव्हा अडचण यंत्राची नव्हती आणि पैशाचीही तेवढी नव्हती. कोणत्या गिऱ्हाइकाला काय द्यायचे, हे विक्रीच्या हिशेबाने ठरत होते.

आता हे गिऱ्हाईक कोण ते बघा. नवशिके पोर, नुकतीच नोकरी लागलेला मुलगा, देशात नुकतेच आलेले कुटुंब, पेन्शनवर जगणारे आजोबा. ज्यांचे हात अजून सरावलेले नाहीत किंवा आता मंदावले आहेत, तेच छोटी गाडी घेतात. या यंत्रणेची सर्वांत जास्त गरज असलेल्या माणसाला ती सर्वांत शेवटी मिळत होती.

अल्फारेटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियाला गाडी घसरण्याची किंमत ठाऊक आहे. २००३ मध्ये जोशुआ ब्राउन हा १७ वर्षांचा मुलगा पावसात गाडी चालवत होता. रस्त्यावरच्या पाण्यावर गाडी तरंगली, झाडावर आदळली आणि तो गेला. त्याच्या आईवडिलांनी मुलांच्या वाहनशिक्षणासाठी राज्यभर पाठपुरावा केला. त्यातून झालेला 'जोशुआज लॉ' जानेवारी २००७ पासून लागू झाला. सोळा वर्षे पूर्ण होताच लायसन्स हवे तर रीतसर प्रशिक्षण घ्यायचे आणि मोठ्या माणसाला शेजारी बसवून ४० तास गाडी चालवायची, त्यातले ६ तास रात्रीचे. अल्फारेटात जे मराठी आईबाप मुठी आवळून मुलांशेजारी ते ४० तास बसले आहेत, त्यांना हे नाव पाठ आहे.

त्याच वर्षी, एप्रिल २००७ मध्ये, अमेरिकेच्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनने दुसरा नियम काढला, तो चालवणाऱ्यासाठी नव्हे तर गाडीसाठी. फेडरल सुरक्षा मानक क्रमांक १२६. दहा हजार पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण साडेचार हजार किलोपर्यंतच्या प्रत्येक नव्या गाडीत स्थिरता नियंत्रण हवेच. सप्टेंबर २००८ पासून टप्प्याटप्प्याने आणि १ सप्टेंबर २०११ पासून सरसकट. किंमत बघून सूट नाही, आकार बघून नाही. आम्ही बघितलेल्या त्या दोन पांढऱ्या गाड्यांमध्ये नेमकी हीच तारीख उभी होती.

नियमातली परीक्षा मला फार आवडते, कारण तिथे माणसाच्या कौशल्याला जागाच ठेवलेली नाही. ताशी ५० मैलांच्या वेगात यंत्र स्टिअरिंगला झटका देते, उलट दिशेला फिरवते, तिथे अर्धा सेकंद धरून ठेवते आणि मग सरळ करते. घाबरलेला माणूस हेच करतो. स्टिअरिंग सरळ झाल्यावर एका सेकंदात गाडीचे स्वतःभोवतीचे फिरणे कमाल वेगाच्या ३५ टक्क्यांच्या आत यायला हवे आणि पावणेदोन सेकंदांत २० टक्क्यांच्या आत. नाही आले तर गाडी नापास.

या यंत्रणेमुळे मोटारींचे एकट्यानेच होणारे, म्हणजे दुसऱ्या वाहनाशी संबंध नसलेले अपघात ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हींचे ५९ टक्क्यांनी कमी होतील, असा हा नियम काढणाऱ्या प्रशासनाचा अंदाज होता. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २००६ मध्ये काढलेला निष्कर्ष याहून ठळक होता: एकाच वाहनाच्या जीवघेण्या अपघाताचा धोका ५६ टक्क्यांनी कमी. आणि खर्च? गाडीत आधीच एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी यंत्रणा, असेल तर वर सरासरी १११ डॉलर. एबीएसही नसेल तर दोन्हींचे मिळून ४७९. पुढे प्रशासनानेच हिशेब मांडला की २०१५ या एका वर्षात अमेरिकेत सुमारे १,९०० जीव या यंत्रणेमुळे वाचले. आणि तेव्हा रस्त्यावरच्या निम्म्याशिम्म्या गाड्या जुन्याच होत्या.

या सक्तीवर एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो आपल्या मातीतला आहे. मित्रानेच काढला. "इथं ठीक आहे. आपल्याकडं हजार रुपये वाढले तरी माणूस गाडी सोडून मोटरसायकल घेतो. मग चौघं त्या मोटरसायकलवर. ते कुठलं सुरक्षित?" भर पावसात स्कूटरवर चाललेले कुटुंब बघून रतन टाटांच्या मनात लाखाच्या गाडीची कल्पना आली, हे सर्वांना माहीत आहे. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत नॅनो दाखवली गेली. तिच्यात एबीएस नव्हते, एअरबॅग नव्हत्या, स्थिरता नियंत्रणाचा तर प्रश्नच नव्हता. पण स्कूटरच्या तुलनेत डोक्यावर छप्पर होते आणि चार चाके होती. त्या काळात हा विचार प्रामाणिक होता असे मी मानतो.

आज तो लागू पडत नाही, आणि कारण तांत्रिक आहे. स्थिरता नियंत्रणाचा महाग भाग म्हणजे प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे आवळू-सोडू शकणारा हायड्रॉलिक पंप, झडपा आणि चाकांवरचे सेन्सर. हे सगळे एबीएसमध्येच असते. आणि एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस सक्तीचे आहे. म्हणजे मोठा खर्च आपण आधीच केला आहे. राहिले ते दोन-तीन सेन्सर, थोडी मोठी पंपयंत्रणा आणि संगणकातला कार्यक्रम. घर बांधून झाल्यावर दाराला कडी बसवायला आपण कचरतो आहोत. मारुतीने २०२४ मध्ये ऑल्टो के१० आणि एस-प्रेसोसारख्या आपल्या सर्वांत स्वस्त गाड्यांच्या सर्व प्रकारांत स्थिरता नियंत्रण देऊन टाकले, त्यामुळे परवडत नाही हे म्हणणे भारतातही टिकत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या, गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर हे लागतेच. पण तारे मिळवणे कंपनीच्या मर्जीवर आहे. मर्जीवर सोडलेल्या गोष्टीचे काय होते, ते आपण फिटमध्ये पाहिले.

आणि आपल्या घाटांना याची गरज जॉर्जियापेक्षा काकणभर जास्तच आहे. जूनचा पहिला पाऊस पडला की रस्त्यावरचे उन्हाळाभराचे तेल आणि धूळ मिळून साबणासारखा थर होतो. आंबोलीत किंवा फोंडा घाटात उताराच्या वळणावर समोरून एसटी येते आणि माणूस स्टिअरिंग ओढतो. नेमक्या त्या क्षणासाठी ही यंत्रणा आहे.

तिच्याकडून नको ती अपेक्षाही ठेवू नये. ती पकड निर्माण करत नाही, आहे ती पकड चार चाकांत शहाणपणाने वाटते. टायर गुळगुळीत असतील आणि चारही चाके पाण्यावर तरंगत असतील तर ब्रेक आवळून उपयोग काय? २८ जानेवारी २०१४ ला अटलांटा परिसरात जेमतेम दोन-अडीच इंच बर्फ पडले, रस्त्यांवर काच झाली आणि हजारो माणसे रात्रभर महामार्गांवर अडकली. त्यांतल्या कितीतरी गाड्यांमध्ये स्थिरता नियंत्रण होते. काचेवर ते तरी काय करणार? वळणाला पेलणार नाही इतक्या वेगात गेलात तर पदार्थविज्ञान जिंकतेच. आणि छोट्या गाडीचा छोटेपणा यामुळे जात नाही. मोठ्या गाडीशी टक्कर झाली तर हलकी गाडी जास्त चेपते, म्हणून तीच विमा संस्था किशोरवयीन मुलांसाठी अगदी लहान गाड्यांची शिफारसच करत नाही. पण तिच्या यादीत एक अट कुठल्याही गाडीसाठी सैल होत नाही: स्थिरता नियंत्रण हवेच.

मित्राने शेवटी २०१२ ची गाडी घेतली. पैसे देण्याआधी आम्ही चालकाच्या दाराच्या चौकटीवरचे लेबल वाचले. मॉडेलचे वर्ष आणि बनावटीचा महिना एक नसतो. २०१२ चे मॉडेल म्हणून विकली जाणारी गाडी २०११ च्या उन्हाळ्यात, सक्तीच्या आधी बनलेली असू शकते. लेबलावर सप्टेंबर २०११ किंवा त्यानंतरचा महिना असेल तर निश्चिंत व्हा. आधीचा असेल तर गाडीचे माहितीपुस्तक उघडून खात्री करा. नावांनी गोंधळू नका. कोणी त्याला ईएसपी म्हणते, टोयोटा व्हीएससी, होंडा व्हीएसए, निसान व्हीडीसी. वस्तू एकच.

मे महिन्यात एका वादळी संध्याकाळी ती मुलगी जॉर्जिया ४०० वरून विंडवर्ड पार्कवेला उतरत होती. बाहेर पडायच्या वळणावर पाणी साचले होते. घरी येऊन म्हणाली, "काका, गाडीने खर्रर्र आवाज केला, पायाला धक्का बसला आणि ते पिवळं चित्र लुकलुकलं. काही बिघडलंय का?" काही बिघडले नव्हते. चित्र लुकलुकले म्हणजे यंत्रणा काम करत होती. चित्र सतत पेटून राहिले तर मात्र बिघाड आहे, आणि तो दुरुस्त करून घेणे सर्वस्वी आपल्या हातात आहे. जॉर्जियात दरवर्षी गाडीची सुरक्षा तपासणी होत नाही. अल्फारेटा ज्या फुल्टन काउंटीत येते तिथे तपासतात तो फक्त धूर. स्थिरता नियंत्रण बंद पडलेली गाडी त्यात बिनदिक्कत पास होते.

तेव्हा अल्फारेटात असा की अलिबागला, उद्या सकाळी गाडीत बसलात की चावी फिरवून इंजिन सुरू करण्याआधी दोन सेकंद थांबा. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचे चित्र उजळून विझते का ते बघा. उजळलेच नाही, किंवा विझलेच नाही, तर त्याच दिवशी मेकॅनिकला विचारा. आणि घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात चावी द्यायची असेल, तर आधी त्या गाडीत जाऊन बघा.